घासाचे तीन तहानलेले वाफे

मी सासरी आले त्यानंतर पहिली तीन वर्षं मामंजी माझ्याशी एक शब्दसुद्धा थेट बोलले नाहीत. राग नव्हता हो, रीतच होती तशी. सुनेनं पदर पुढं ओढून उभं राहायचं आणि सासऱ्यानं सुनेकडं मान वळवून बघायचं नाही. मग शेतातलं काम कसं चालायचं, असं तुम्ही विचाराल. तर मामंजींना मला काही सांगायचं असलं की ते मोटेच्या ढवळ्या बैलाला सांगायचे. "ढवळ्या, चिंचेखाली पाट फुटलाय बरं का. कुणीतरी चिखल लावला पायजे." मी ऐकायची आणि खोरं घेऊन चिंचेखाली जायची. ढवळा रवंथ करत उभा. आमच्या दोघांमधला सगळा निरोप त्या बैलाच्या कानातून गेला म्हणा ना.

हे मी आज लिहिते आहे, पण तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. नातवंडांच्या पाटीवरून उतारवयात शिकले. तेव्हा काना-मात्रा चुकली तर सांभाळून घ्या.

आमचं गाव वडवणीच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. मामंजी तरुणपणी मोमिनाबादच्या छावणीत घोड्यांचे मोतद्दार होते. खरारा करायचा, दाणा द्यायचा, टापा बघायच्या. निजामाचं राज्य, छावणीतले सगळे हुकूम हिंदुस्तानीत, त्यामुळं जनावराशी बोलायची त्यांची भाषा तीच होऊन बसलेली. मोटेचे बैल धावेवरून, म्हणजे विहिरीकाठच्या उतारावरून, मागं सरायला लागले की म्हणायचे, "आहिस्ता बेटा, आहिस्ता." माणसांशी मराठी, बैलाशी हिंदुस्तानी, आणि बैलाला सांगून सुनेला ऐकवायचं असलं की दोन्हींची खिचडी.

छावणी सोडून येताना त्यांनी उपरण्याच्या टोकाला बांधून काय आणलं, तर मूठभर घासाचं बी. लसूणघास म्हणतात तो. मेथीसारखी तीन-तीन पानं, कापला की पुन्हा फुटतो, तीन-चार वर्षं एकाच जागी उभा राहतो. आमच्या शिवारात तोवर तो कुणी पाहिला नव्हता. कडबा, कडवळ आणि बांधावरचं गवत, संपली आमची वैरण. लोक म्हणाले, घोड्याचं खाणं गाईला घालतोय, गाय आता खिंकाळंल. पण विहिरीच्या खालच्या अंगाला मामंजींनी आठ वाफे केले, आणि भर उन्हाळ्यात आमच्याच गोठ्यात तेवढं हिरवं दिसायचं.

त्या घासावर वाढलेली एक तांबडी कालवड होती. तिची आई विताना गेली. माझ्या नणंदेनं तिला फडक्याचा बोळा दुधात बुडवून बुडवून वाढवलं. नणंद माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, जिभेची तिखट आणि मनाची लोणी. कालवड तिच्यामागं शेपटासारखी फिरायची आणि तिच्या हातचा घास असल्याशिवाय कडब्याला तोंड लावायची नाही. लाडावलेली कुठली.

नणंदेचं लग्न ठरलं शिरूर कासाराच्या बाजूला. माणसं चांगली, पण मुलूख कोरडा. विहिरी खोल, पाणी तळाला. सुपारी फुटली त्या दिवशी बैठकीत मामंजी बोलून गेले, की पोरीबरोबर तांबडी आंदण देतो, आणि नुसती गाय न्हाई, गाईचं रान बी देतो, घासाचं शेरभर बियाणं. व्याही हसले. म्हणाले, आमच्याकडं माणसाच्या तोंडाला पाणी न्हाई, गवताला कुठून आणू? मामंजी म्हणाले, दिवसाआड चार मोटा पुरतील, मी शिकवतो. झालं, शब्द गेला.

त्या शब्दावर नणंदेचं पुढचं सगळं टांगलेलं होतं, हे मला तिनंच सांगितलं. आम्ही दोघी शेणी थापत होतो. तांबडी तेव्हा गाभण. नणंद म्हणाली, तिकडं जाऊन ही कोरड्या कडब्यावर आटली की गाईला कुणी काही म्हणणार न्हाई, नव्या सुनेलाच म्हणतील, पांढऱ्या पायाची आली. तिनं हे हसत सांगितलं, पण शेणी थापायचा हात थांबला होता.

आता चूक सांगते. माझीच.

संक्रांत झाली आणि मामंजींनी खालच्या तीन वाफ्यांचं पाणी तोडलं. वरच्या पाचांना आठ दिवसांनी पाणी, कापणी, सगळं नेहमीसारखं. खालचे तीन मात्र कोरडे. दारं धरायचं काम, म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवायचं काम, मामंजी स्वतः करायचे. माझे मालक धावेवर मोट हाकायचे आणि मी खुरपायला वरच्या अंगाला. त्यामुळं ते तीन वाफे मी लांबूनच बघायची. दुपारी पानं मिटलेली, रंग राखट निळसर, जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा.  मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाचा हात तिथवर पोचत नसेल, राहून जात असेल.

शिवरात्र झाल्यावर मामंजी लग्नाची तिथी पक्की करायला व्याह्यांकडं निघाले. जाताना त्यांनी ढवळ्याला सगळं सांगितलं. दारं आता कोण धरणार, कोणत्या वाफ्याला किती पाणी, आणि खालच्या तिघांना टिपूस न्हाई, ते बियासाठी राखलेत. नीट, सावकाश, दोनदा सांगितलं, असं मला मागाहून कळलं. मी थारोळ्यामागं, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या कुंडामागं, तोंड धुते आहे असं त्यांना वाटलं. मी तर तेव्हा भाकरी आणायला घरी गेले होते. वळून बघितलं असतं तर दिसलं असतं, पण सुनेकडं वळून बघायचं नाही ना. त्यांनी रीत पाळली आणि निरोप बैलापाशीच राहिला. मालकांना धावेवरून खालचे वाफे दिसत नव्हते, मध्ये चिंच आडवी. दादांनी, म्हणजे आपल्या वडिलांनी, हिला सांगितलं असेल, असं धरून ते चालले.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या सांगण्यावरून मी पहिल्यांदा दारं धरलं. पाच वाफे भिजले, आणि पाणी तर अजून पाटात खेळत होतं. खाली ते तीन वाफे माझ्याकडं बघत उभे. शेंड्यांना कुठं कुठं जांभळट टिपके होते, पण मला ते वाळल्याचे डाग वाटले. मी खोऱ्यानं दारं मोडलं आणि पाणी सोडलं. त्या भेगांतून पाणी आत जाताना कसा आवाज येतो सांगू, तहानलेलं जनावर हौदाला लागल्यासारखा. दिवस मावळायच्या आत पानं उघडली. मला इतकं बरं वाटलं की मी घरी येऊन उगाच दोन भाकरी जास्त थापल्या. आठ दिवसांनी पुन्हा पाणी दिलं.

दहाव्या दिवशी मामंजी आले. आल्या आल्या चहा-पाणी न घेता रानात गेले. मी मुद्दाम मागं मागं, पदराआडून बघत. शाबासकी ढवळ्याला मिळणार, म्हणजे ती माझीच. तिन्ही वाफे हिरवेगार, बुडातून वीत-वीत नवे फुटवे, पानावर पान. मामंजी बांधावर उभे राहिले. एक फांदी वाकवून शेंडा बघितला, सोडून दिला. मग खाली बसले, तंबाखू काढली, चुना लावला, मळली, आणि तोंडात न टाकता तशीच तळहातावर धरून राहिले. बऱ्याच वेळानं उठून विहिरीपाशी आले आणि ढवळ्याच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाले,

"बेटा, घास का पेट भर गया. अब फूल कायकू देगा वो?"

मला काही कळेना. घरी येऊन नणंदेला विचारलं, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "वहिनी, ते बियाचे वाफे होते. दादा म्हणतेत, ज्याला उद्या दिसत न्हाई ते बी धरतं. ज्याला पाणी दिसतं ते पानं काढत बसतं. तुला दया आली, आता माझी गाय तिकडं काटक्या चघळंल." बोलली आणि हसली, आणि मग हसू अर्ध्यातच मोडलं. ते जांभळट टिपके कळ्या होत्या. पाणी मिळाल्यावर काही गळाल्या, काही पाल्यात बुडाल्या.

मी त्या दिवशी जेवले नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "तू उपाशी राहिल्यानं घासाला फुलं येणार हायत का? मग जेव." त्यांचं प्रेम असं, वरणात मीठ थोडं जास्त पडल्यासारखं.

सकाळी ढवळ्याला नवा हुकूम मिळाला. या वेळी मामंजींनी आधी घसा खाकरला, मी जवळ आहे याची खात्री करून घेतली. तिन्ही वाफे आजच बुडापासून चार बोटं ठेवून कापायचे. पुन्हा पाणी तोडायचं. होळी तोंडावर आली, पाडव्याला कळी दिसली तर आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, बी हाती येईल, लग्न आखितीनंतर पाचव्या दिवशी. ऊन लवकर चढलं तर फूल जळंल आणि मग काही न्हाई. शेवटी म्हणाले, या तीन वाफ्यांचा जिम्मा आता ज्यानं पाणी दिलं त्याच्याकडं.

मला वाटलं, ही शिक्षा. कापला तो कोवळा घास भारेच्या भारे निघाला. आत्याबाई मागं लागल्या, नुसता घालू नका, कडब्यात मिसळून घाला, पोट फुगंल. तांबडीची चार दिवस चंगळ झाली. नणंद तिला म्हणायची, खा बाई खा, तुझंच बियाणं खातीस तू.

मग सुरू झालं ते बघत बसणं. पाणी देणं सोपं असतं, न देणं अवघड. मामंजी ढवळ्याला एकेक खूण सांगत गेले आणि मी शिकत गेले. दुपारी पानं मिटली तर घाबरायचं नाही, ती नुसती तहान. पहाटे बघायचं. रात्रीच्या गारव्यानं पानं उघडली असतील तर मुळाला खाली ओल सापडते आहे, घरी जायचं. पहाटेसुद्धा मिटलेलीच असली तर ते मरायला लागलं. माती वीतभर खालून काढून मुठीत दाबायची, गोळा होऊन फुटला तर ठीक, नुसती भुकटी सांडली तर ठीक नाही. अगदी कोरडं ठेवलं तरी बी नाही, भिजवलं तरी बी नाही. मधली एक जागा असते, ती रोज बघितल्याशिवाय दिसत नाही.

रोज पहाटे मी जायची. वरच्या पाच वाफ्यांची पाळी असली की दारं धरून ओल्या पायांनी त्या तिघांपुढून जायची मला लाज वाटायची. खरं सांगते, मी चिंचेच्या पलीकडून वळसा घालून जायला लागले. नणंदेनं ते बघितलं आणि सगळ्या घराला सांगितलं, की वहिनी घासाला घाबरती.

पाडव्याला गुढी उभारून मी रानात गेले, तर दुसऱ्या वाफ्यात कळी. आठ दिवसांत तिन्ही वाफे जांभळे झाले. हरभऱ्याच्या फुलासारखं एकेक फूल, पण झुबक्यानं. उंची आधीच्या निम्मी, पानं बारीक, देठ काटकुळे, आणि त्यावर ते एवढं फूल. चिंचेवरच्या मोहोळाच्या माश्या सकाळपासून तिथं. मामंजी ढवळ्याला म्हणाले, माश्या आल्या म्हणजे अर्धं काम झालं, त्या फुलात शिरल्याशिवाय शेंग धरत न्हाई. एवढंच. पण त्या दिवशी त्यांनी तंबाखू मळली ती तोंडात टाकली.

आणि मग चैत्रातलं ते वारं सुटलं. तीन दिवस भट्टीसारखं. चौथ्या पहाटे मी गेले तर पहिल्या वाफ्याची निम्मी फुलं करपून गेलेली, दुसरा तग धरून, आणि तिसऱ्याची पानं मिटलेलीच. तिथं खाली मुरूम, माती उथळ. हात लावला तर फूल हातात येत होतं. माती काढून मुठीत दाबली, बोटांतून भुकटी सांडली. सगळ्यात जास्त फूल त्याच वाफ्यात होतं.

 पाणी द्यावं तर मागच्यासारखं पानांवर जाईल. न द्यावं तर दुपारपर्यंत सगळं गळंल. दया की गरज, हे माझं मलाच कळेना. एकदा चुकलेल्या माणसाला आपल्या डोळ्यांवर भरवसा राहत नाही.

विहिरीपाशी मामंजी मोटेच्या चामड्याला तेल लावत बसले होते. ढवळा थारोळ्याशी बांधलेला. मी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले, मामंजींकडं पाठ करून, आणि पदर दातात धरून त्या घरात पहिल्यांदा सासऱ्याला ऐकू जाईल असं बोलले.

"ढवळ्या, तिसऱ्या वाफ्याची पानं पहाटे उघडली न्हाईत. माती भुकटी झालीय. पाणी द्यावं का?"

तेल लावायचा आवाज थांबला. ढवळ्यानं माझ्याकडं बघितलं, मग पलीकडं बघितलं. बिचाऱ्याला दोन्हीकडून निरोप यायची सवय नव्हती.

मामंजी म्हणाले, "बेटा, मी आज वाफ्यात गेलतो का? ज्यानं देखा, वही बोले."

मी म्हणाले, "एकच मोट देते. फक्त तिसऱ्याला."

 मामंजींनी मालकांना हाक मारून बैल जुंपायला सांगितलं. पण तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, खालच्या वाफ्यांकडचा पाट महिन्याभराचा कोरडा, एक मोट तो वाटेतच पिऊन टाकील. म्हणून थारोळ्यातूनच घागरी भरल्या. नणंद आली. आम्ही दोघींनी डोक्यावर एक, कमरेवर एक अशा खेपा केल्या आणि ओंजळीनं, रोपाच्या बुडाशी, फुलाला न लागेल असं पाणी दिलं. नणंदेचा पाय घसरून एक घागर माझ्या पाठीवर उपडी झाली. ती म्हणाली, "तू बी कोमेजलीच होतीस." बांधावर बसून आम्ही दोघी पोट धरधरून हसलो, आणि मामंजी पलीकडं तोंड करून उगाच मोटेचा नाडा तपासत राहिले.

दुसऱ्या पहाटे पानं उघडली होती. फुलं होती तिथंच होती.

पुढचं लवकर सांगते. फुलांच्या शेंगा झाल्या, गोगलगायीच्या शंखासारख्या वळ्या-वळ्यांच्या. त्या काळ्या पडल्या तेव्हा दवात, सकाळी सकाळी कापल्या, उन्हात कापलं तर तडतडून सांडतात. जुन्या धोतरावर काठीनं बडवल्या, सुपानं पाखडल्या. राळ्याहून बारीक, पिवळं, मधे वाकलेलं बी. पहिल्या वाफ्यातून चिमूटभर, दुसऱ्यातून मूठभर, बाकी सगळं तिसऱ्यातून. मापलं तर एक चिपटं. शेरात चार चिपटी होतात. म्हणजे बोललो त्याच्या पावभागच.

आत्याबाई म्हणाल्या, आपला घाससुद्धा म्हातारा झालाय, निम्मं घरी ठेवा. मामंजींनी नुसती मान हलवली, आणि पुरचुंडी बांधली ती सगळ्याची बांधली.

पाठवणीच्या दिवशी नणंदेची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि त्यावर ती पुरचुंडी. अंगणात व्याही गाडीशी उभे, तांबडी मागच्या बाजूला बांधलेली. मामंजी व्याह्यांपुढं गेले आणि हात जोडून म्हणाले, शेर बोललो होतो, चिपटं निघालं, माझा शब्द उणा पडला. माझे कान तापले. आता ते सांगणार, की सुनेनं पाणी सोडलं. सांगितलं असतं तरी खोटं नव्हतं. पण ते एवढंच म्हणाले, यंदा ऊन लवकर चढलं.

व्याही भले माणूस. म्हणाले, चिपट्याचा शेर आमी करून घेऊ, पण हे लावायचं कसं, बी धरायचं कसं, ते तेवढं सांगा, तुमी शिकवतो म्हणलतात.

मामंजींनी मान वळवली. ढवळा गोठ्यात होता, दिसत नव्हता. ते सरळ माझ्याकडं बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "ये इकडं. तू सांग यांना. बी तू धरलंय."

अंगणात चाळीस माणसं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं, ते आत्याबाईंनी माझ्या हातातून काढून घेतलं आणि मला पाठीला हलकेच ढकललं. मी सांगितलं. वाफा किती रुंद, संक्रांतीनंतर कोणत्याचं पाणी तोडायचं, पहाटे काय बघायचं, सगळं सांगितलं. आणि मी पाणी सोडून पहिलं फूल कसं घालवलं तेही सांगितलं. व्याही मोठ्यानं हसले. मामंजी म्हणाले, "तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बैलाला सांगितलं होतं." मग सगळं अंगणच हसलं. गाडी निघाली तेव्हा नणंद रडत होती आणि तांबडी मान लांबवून तिच्या ओटीतली पुरचुंडी हुंगत होती.

तांबडी तिकडं जाऊन व्याली. कार्तिकात घास पेरला, उगवला. गाय आटली नाही आणि नणंदेला कुणी काही म्हणालं नाही. दुसऱ्या वर्षी माघात सिरसाळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर तिचा निरोप आला, खास माझ्यासाठी. दोन वाफ्यांचं पाणी तोडलंय. मला बघवत न्हाई वहिनी. तुला लई हसले होते मी. आता रोज सकाळी घागर उचलती आणि पुन्हा ठेवती. काय करू?

गाडीवान घाईत होता. मी मोटेवरून तशीच पळत आले, ओल्या पायांनी, आणि त्याच्याकडून माझा उलट निरोप दोनदा म्हणवून घेतला. घागर घरी ठेव. पहाटे रिकाम्या हातानं जा आणि पानं बघ.